रुपयाला आंघोळ घालू नये

२००८ साली इंग्लंडमध्ये जॉन बाँड या न्यायवैद्यक शास्त्रज्ञाने एक अचंबित करणारी गोष्ट दाखवून दिली. बंदुकीत गोळी भरताना माणसाचं बोट पितळी काडतुसाला लागतं. मग गोळी सुटते, काडतूस भाजून निघतं. गुन्हेगार सावध असेल तर नंतर ते पुसूनही टाकतो. तरीही त्या काडतुसावरचा बोटाचा ठसा परत मिळवता येतो, असं बाँड यांनी सिद्ध केलं. घाम, तेल यातलं काहीच तिथे शिल्लक नसायचं. पण घामातल्या मिठाने धातूचा पृष्ठभागच किंचित बदललेला असायचा, तोही बोटावरच्या रेषांच्या वळणावळणाने. काडतुसाला अडीच हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि वरून बारीक काळी पूड सोडायची. ती नेमकी त्या रेषांवर जाऊन बसायची.

पोलिसांसाठी ही मोठी आनंदाची बातमी. नाणी जमवणाऱ्यांना मात्र ती नवीन नव्हती. कोऱ्या करकरीत तांब्याच्या पैशावर कुणीतरी अंगठा टेकवला, त्या दिवशी काहीच दिसलं नाही, आणि काही आठवड्यांनी तिथे तपकिरी रेषांचा नीटस अंगठा उमटला, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं. तो अंगठा मग पुसून जात नाही, कारण तो धातूवर बसलेला नसतो, धातूत कोरला गेलेला असतो. म्हणून नाणं हाताळायचा पहिला नियम जगभर एकच आहे: नाणं कडेने धरावं. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्याची कड, आणि छापा-काटा दोन्ही बाजू मोकळ्या. नियम दोन वाक्यांत संपतो. त्यामागचं जग मात्र इतकं बारीक आहे, की ते पाहायला लागलं की डोळे विस्फारतात.

आपल्या ओळखीचं नाणं घेऊ. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया. पुष्कळ मराठी घरांत तो देव्हाऱ्यात, आजीच्या डब्यात किंवा लॉकरमधल्या पुडीत अजून असतो. १८३५ च्या कायद्याने त्याचं वजन १८० ग्रेन ठरलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. या तोळाभर धातूचा आजच्या भावाने हिशेब करता येतो, पण संग्राहक देतो ती किंमत त्या तोळ्याची नसते. एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे, वजनाला सारखे दोन रुपये शेजारी ठेवले तर एकाला धातूच्या भावाहून थोडं अधिक मिळतं आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट. हा फरक असतो वरच्या पृष्ठभागात. तो पृष्ठभाग केवढा जाड, तर सांगूनही पटणार नाही.

चांदीला हवेतला प्राणवायू फारसं काही करत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतोच. खाडीकाठी, गटाराजवळ, स्वयंपाकघरात थोडा जास्त. तो चांदीला भेटला की सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरू लागतो. हा पापुद्रा सुरुवातीला पारदर्शक असतो. प्रकाशाचा काही भाग त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही आत शिरून खालच्या चांदीवरून परततो, आणि या दोन परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पापुद्रा अगदी पातळ असताना नाणं फिकट सोनेरी दिसतं. थोडा वाढला की तांबूस-जांभळं, मग निळं. अजून जाड झाला की शेवटी काळं. यात कुठलाही रंग चढवलेला नाही. जे दिसतं ते फक्त जाडीचं मोजमाप आहे. आणि ही जाडी शंभर नॅनोमीटरच्या आगेमागे घोटाळत असते. माणसाचा केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केसाचे हजार उभे पदर केले तर त्यातल्या एखाद्या पदराएवढ्या जाडीवर नाण्याची किंमत ठरते आहे.

कडेने निळसर, मध्याकडे सोनेरी होत गेलेला असा रुपया संग्राहकाला वेड लावतो. तो रंग दहा-वीस किंवा शंभर वर्षांच्या संथ साठवणीची नोंद असतो. (गंधकाचा धूर देऊन हे रंग दोन दिवसांत आणणारे महाभागही आहेत. त्यांचे रंग बहुधा भडक असतात, आणि जिथे हळूहळू बदलायला हवेत तिथे झटक्यात बदलतात.) घरातल्या माणसाला मात्र तो रुपया काळवंडलेला, दुर्लक्षित वाटतो. आणि दिवाळी येते.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीची भांडी निघतात, त्यांच्याबरोबर रुपयेही. कुणी चिंच लावतं, कुणी रांगोळी, कुणी दंतमंजन. हल्ली भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियमचा कागद पसरून, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून त्यात चांदी बुडवायची युक्तीही घरोघर पोचली आहे. रसायनशास्त्र म्हणून ही युक्ती सुंदरच आहे: सल्फाइडमधला गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी पुन्हा चांदी होते. ताट-वाटीसाठी एकदम नामी. पण नाण्यावर ती परत मिळालेली चांदी आपल्या मूळ जागी, मूळ रचनेत बसत नाही. सच्छिद्र, खरबरीत होऊन बसते. रुपया पांढरा होतो, पण चुन्याचा हात फिरवल्यासारखा निर्जीव पांढरा. इथे काय गेलं हे समजायला टांकसाळीत डोकवावं लागतं.

नाणं पाडताना दोन ठशांच्या मध्ये धातूची कोरी चकती येते आणि प्रचंड दाबाखाली क्षणभर तो घन धातूच वाहतो. अक्षरांच्या, चेहऱ्याच्या खळग्यांत शिरतो आणि मध्यापासून कडेकडे सरकतो. हजारो चकत्या अशा सरकल्या की ठशावरही त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पडतात, आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. त्या केंद्रातून कडेकडे जाणाऱ्या असल्यामुळे नाणं एका दिव्याखाली हळूच तिरपं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे त्याच्यावरून सरकू लागतात, पैठणीचा पदर हलवला की रंग सरकतो तसे. जाणकार याला झळाळी म्हणतात, आणि ती चकचकाटाहून अगदी वेगळी चीज आहे. घासून काढलेलं नाणं चकचकीत असतं, पण त्याच्यावरचा उजेड जागचा हलत नाही. रेषाच उरलेल्या नसतात.

त्या रेषा किती नाजूक असाव्यात? चांदी, सोनं, तांबं हे तिन्ही धातू कठिणपणाच्या मोह्‌स मापावर अडीच ते तीनच्या दरम्यान येतात. साध्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात; त्यांचा कठिणपणा सात. चष्मा पुसायचं मऊसूत कापड नाण्यावरून एकदा फिरवलं तरी त्यात अडकलेला एखादा कण पुरतो. डोळ्यांना काही दिसत नाही. दिव्याखाली तिरपं धरलं की एकाच दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या रेघांचा झुबका दिसतो. सदऱ्याच्या बाहीला पुसून पाहणं तर विचारूच नका. चांदी उजळायला सराफाकडे मिळणारं द्रावण तरी निराळं काय करतं? त्यातलं आम्ल आणि थायोयुरिया सल्फाइड विरघळवतात, आणि त्या सल्फाइडमधली चांदी ही मुळात नाण्याच्याच अंगातली असल्यामुळे तीही जाते. एका बुडवणीत थोडं, चार बुडवण्यांत सगळंच.

पूजा करू नये असं माझं म्हणणं नाही. एक रुपया पूजेचा ठेवावा. दर वर्षी त्याला दूध, हळद, कुंकू, चिंच सगळं खुशाल मिळू दे. तो आता कुटुंबाचा आहे, बाजाराचा नाही. बाकीच्यांना लांबून नमस्कार.

तांब्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि मला विचाराल तर अधिक थक्क करणारी. शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, देवनागरीत, भोवती ठिपक्यांची माळ. हे हाताने ठोकलेलं नाणं. ठसा मोठा, चकती लहान आणि वेडीवाकडी, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच एका नाण्यावर येतो. कुठे ‘छत्र’च येतं, कुठे ‘पति’ कडेवरून निसटतं. छत्रपतींच्या नंतरही ही नाणी दीर्घकाळ पाडली गेली आणि चालली. त्यामुळे अक्षरांची वळणं, ओळींची मांडणी, ठिपके, मधली चिन्हं यांचे असंख्य प्रकार आहेत. शिवराईचा अभ्यास म्हणजे या फरकांचा अभ्यास. ‘त्र’चा तिरपा फराटा कुठे वळतो यावर दोन जाणते तासभर बोलू शकतात.

आता तीनशे वर्षांत त्या तांब्याचं काय होतं ते पाहा. वरचा धातू हळूहळू प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्याचा लालसर, मग गडद तपकिरी ऑक्साइड होतो. हा थर बाहेरून येऊन बसलेली घाण नव्हे. तो नाण्याच्याच धातूचा बनलेला असतो. जुन्या धातूंचं जतन करणाऱ्यांना पुरती ठाऊक असलेली गोष्ट अशी, की गंजलेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे कारागिराच्या हातून सुटला तेव्हाचा, बऱ्याचदा गंजाच्या थराच्या आतच जपलेला असतो. खालच्या निरोगी धातूवर तो नसतोच. ‘शिव’मधल्या ‘व’चा गोल तुम्हाला दिसतो आहे तो ऑक्साइडमध्ये शिल्लक आहे. धातू त्या रेषेच्या कधीच खाली गेला आहे.

आणि अशा शिवराईवर कुणी चिंचेचा कोळ चोळतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, लिंबातलं सायट्रिक आम्ल ऑक्साइडला झटकन विरघळवतात. तांब्याचे हंडे त्यामुळेच तर लखलखतात. नाणंही पाच मिनिटांत गुलाबी होतं. अक्षरांच्या कडा गोलावतात, ठिपक्यांच्या माळेतले दोन-चार मणी नाहीसे होतात आणि खालचा खड्डे पडलेला धातू उघडा पडतो. बाजारात अशी गुलाबी शिवराई पाहताच जुना व्यापारी हात मागे घेतो. तोच गुलाबी रंग नंतर डागाडागांनी पुन्हा काळवंडतो, तेव्हा तर ती आणखी केविलवाणी दिसते.

तांब्याचा एक रंग मात्र खरोखर भीतिदायक आहे. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर शांत असतो. त्याला हात लावायचं कारण नाही. पण फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते चालू असलेलं दुखणं समजावं. घामातून, समुद्राच्या वाऱ्यातून किंवा खाऱ्या मातीतून क्लोराइड आत शिरलेलं असतं. दमट हवा मिळाली की ते हिरवी भुकटी तयार करतं आणि त्याच वेळी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल आतल्या तांब्याला खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. चक्र आपलं आपणच फिरत राहतं, आणि थांबतं ते कोरड्या हवेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, तर ती साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की हे चक्र शमतं. असं नाणं आधी इतरांपासून वेगळं काढायचं, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवायचं आणि मग जतन करणाऱ्या जाणकाराला गाठायचं. घरगुती वैदूपणा इथे करायचा नाही.

इतकं सगळं सांभाळून शेवटी पाहायचं काय असतं? १८६२ चा व्हिक्टोरिया रुपया पाहा. त्यानंतर १८७४ पर्यंत रुपये पडत राहिले, पण त्यांच्यावर साल १८६२ च राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने मग ठिपक्यांची एक मूक भाषा काढली: सालाखाली आणि आसपास ठिपक्यांची संख्या बदलायची, आणि नाणं खरं कोणत्या वर्षाचं ते त्यावरून ओळखायचं. टाचणीच्या टोकाएवढे ते ठिपके. घासून गुळगुळीत केलेल्या रुपयावर चारचे तीन झाले, की सालही बदललं आणि किंमतही. किंवा १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या अंगावरच्या मानचिन्हांच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर! गहजब झाला, सरकारने नाणी मागे घेतली, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला व्यवस्थित सोंड मिळाली. एका साम्राज्याला माघार घ्यायला लावणारं हे चित्र काही मिलिमीटरचं आहे, आणि ते भिंगातूनच नीट दिसतं.

तेव्हा भिंग. पाचपट ते दहापट मोठं दाखवणारं पुरे. त्याहून मोठ्याने नाणं हरवून नुसते खड्डे दिसतात. खोलीतले बाकी दिवे मालवून एकच टेबललॅम्प ठेवावा, कारण चारी बाजूंनी उजेड आला की रेघा लपतात. टेबलावर जाड मऊ कापड अंथरावं. नाणं निसटतंच कधीतरी, आणि फरशीवर कडेने पडलेल्या रुपयाच्या कंगोऱ्यांत पडलेली खोक कायमची. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हातमोज्यांवरून जाणकारांत वाद आहेत. सुती मोजे दिसतात रुबाबदार, पण त्यांतून नाणं घसरतं आणि त्यांच्या विणीत धूळ अडकते. संग्रहालयांत आता नायट्राइलचे मोजे अधिक दिसतात. माझ्या मते घरी पाहणाऱ्याला स्वच्छ, कोरडी बोटं आणि कडेवरची पकड पुरे, कारण मोजा घातलेला माणूस निर्धास्त होऊन नाण्याच्या तोंडावरच बोट टेकवतो.

आधी भिंगाशिवाय पाहावं. नाणं तिरपं करून सावकाश फिरवावं, झळाळी कुठे तुटते ते शोधावं. ती प्रथम उंच भागांवर जाते: राणीचा गाल, केसांची बट, मुकुटाचा कळस. तिथे रंग किंचित करडा दिसला तर नाणं बाजारात फिरून आलेलं आहे. मग मोकळी सपाट जागा, मग अक्षरं, मग साल, शेवटी कड. आणि हे सगळं तोंड मिटून. नाण्यावर वाकून बोलणाऱ्याच्या तोंडातून सूक्ष्म थेंब उडतात, आणि महिन्यांनी त्या जागी काळे ठिपके उगवतात. आपल्याकडे चार जण एका नाण्यावर ओणवे होऊन एकाच वेळी मत देतात, हे लक्षात घेता ही सूचना सर्वांत कठीण असावी. दुसऱ्याचं नाणं पाहायचं असेल तर आधी विचारावं. नाणं हातातून हातात देऊ-घेऊ नये. एकाने कापडावर ठेवावं, दुसऱ्याने उचलावं. दोन हातांच्या मधल्या त्या वीतभर जागेत कितीतरी चांगली नाणी जायबंदी झाली आहेत.

नाण्याची परीक्षा न दुखवता करायची, ही कल्पनाच तशी अलीकडची आहे. पूर्वी परीक्षा म्हणजे इजाच. प्राचीन आहत नाण्यांवर पारखून घेणाऱ्यांनी मारलेले बारीक शिक्के दिसतात. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला नाण्यांवर छिन्नीचे घाव घातलेले आढळतात. आणि सराफ दगडावर रुपया वाजवून घ्यायचा. चांदीचा आवाज लांबतो, शिशाचा बसतो, हे खरं. पण दर आदळण्याला कड ठेचली जाते. आज तेच काम तराजू करतो. रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, झिजलेला असेल तर थोडा कमी. जास्त भरला तर संशय घ्यावा. मग आर्किमिडीजला बोलवायचं. दागिने तोलायच्या नाजूक काट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मऊ दोऱ्याने रुपया पाण्यात अधांतरी सोडायचा, तळाला किंवा काठाला लागू न देता. रुपयाच्या मिश्रधातूची घनता १०.३ च्या आसपास असल्यामुळे काटा रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे १.१३ ग्रॅम, दाखवेल. तांबं-निकेलचा नकली रुपया तितक्याच वजनाला १.३१ दाखवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या युक्तीने नाण्याला ओरखडाही न पडता पोटातला धातू कळतो. नंतर रुपया मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्यायचा. मात्र उत्तम झळाळीच्या किंवा तांब्याच्या नाण्यावर हा प्रयोग नको.

लोहचुंबक जवळ आणून पाहायलाही हरकत नाही. जवळ आणायचा, टेकवायचा नाही. १९४७ चा रुपया चुंबकाकडे ओढला गेला तर घाबरू नये, तो निकेलचाच आहे. महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी उरली होती, आणि पुढे तीही गेली.

कधीकधी इजाच इतिहास होऊन बसते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला: तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा आणि नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या. यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं वरून ठोकली आहेत. नहपानाच्या गालावर सातवाहनांचा चैत्य, पाठीमागे उज्जयिनीचं चिन्ह. कोण हरलं, कोण जिंकलं आणि जिंकणाऱ्याने खजिन्याचं काय केलं, हे त्या नाण्यांच्या पृष्ठभागावर एकाखाली एक लिहिलेलं आहे. खालचं लिखाण वरच्या ठोक्यातून जेमतेम डोकावतं. कुणी उत्साहाने ही नाणी उजळली असती, तर आधी तेच गेलं असतं.

काहीच करायचं नाही का, असा प्रश्न येतो. थोडंसं करता येतं. नाण्यावर तेल, चिकटपट्टीचा गोंद किंवा मेण असेल तर शुद्ध अॅसिटोन उपयोगी पडतं. ते सेंद्रिय मळ विरघळवतं आणि धातूला शिवत नाही. काचेच्या वाटीत नाणं बुडवायचं, चोळायचं नाही, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये विसळायचं, वाळू द्यायचं. खिडकी उघडी आणि गॅस बंद, कारण ते क्षणात पेट घेतं. (नखांचं रंगद्रव्य काढायला मिळतं ते नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात.) सल्फाइड किंवा ऑक्साइड याने निघत नाही, आणि तेच बरं.

खरं नुकसान बहुतेक वेळा हातात नाही, कपाटात होतं. स्वस्तातल्या अल्बमची मऊ, उघडताच उग्र वास येणारी पानं पीव्हीसीची असतात. वर्षांनुवर्षं त्यांतून आम्ल आणि चिकट द्रव पाझरतो, नाण्यावर हिरवा बुळबुळीत थर येतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्यावीत. नाण्यांच्या पुडीला रबरबँड लावू नये. रबरात गंधक असतो आणि पुडीतून आरपार काळा पट्टा उमटतो. लोकर, मखमलीची जुनी डबी, वर्तमानपत्राचा कागद, सगळे संशयित. सातवाहनांची शिशाची नाणी असतील तर लाकडी कपाटही नको: लाकडातून, विशेषतः प्लायवुडमधून, अॅसेटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि शिशाची पांढरी भुकटी होते. लोखंडी कपाट, सिलिका जेल, आणि पावसाळ्यात जेल बदलायची आठवण, एवढं पुरतं. सोन्याला यातलं काहीच बाधत नाही. त्याचा घात आपल्या हौसेने केला. पुतळ्यांच्या माळेसाठी किती मोहरांना कड्या डागल्या गेल्या असतील! माळ म्हणून त्यांची शान वेगळीच. नाणं म्हणून मात्र त्या बाद.

या साऱ्याचा पैशातला हिशेब मांडण्याची खटपट १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी केली. जुन्या अमेरिकन सेंटसाठी त्यांनी १ ते ७० अशी श्रेणी बसवली, आणि ती सरळ किमतीवर बेतलेली होती: जेमतेम ओळखू येणारं नाणं एका डॉलरचं, तर तेच निर्दोष असल्यास सत्तर डॉलरचं. किमतीचं ते गणित लवकरच कोलमडलं, आकडे मात्र राहिले. आज भारतीय रुपयेही याच मापाने जोखले जाऊन सीलबंद डबीत येतात. ६० ते ७० या अकरा पायऱ्या फक्त बाजारात न फिरलेल्या नाण्यांच्या; त्यांतला फरक म्हणजे झळाळी आणि टांकसाळीच्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या टिचक्या. घासलेल्या नाण्याला मात्र या शिडीवर आकडाच मिळत नाही. नुसता शेरा मिळतो, की हे साफ केलेलं आहे.

राहता राहिलं शेतात नांगराला लागणारं गाडगं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा आज वाचताना गंमत वाटते, पण कायदा जागेवर आहे. कळवेपर्यंत गाडगं बादलीत उपडं करायचं नाही, एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवायची नाहीत, मातीही झटकायची नाही. तांब्याचे क्षार जंतूंना मारतात. त्यामुळे नाणी ज्या फडक्यात बांधलेली असतात त्याची वीण कधीकधी हिरव्या थरात धाग्याधाग्याने टिकून राहते. कापूस शेकडो वर्षांपूर्वी कुजून गेलेला असतो, तरी सूत किती पिळाचं होतं आणि एका बोटाच्या रुंदीत किती धागे बसवले होते, हे भिंगाखाली मोजता येतं.